वाचकांचे प्रश्न : परक्या गावी, अनोळखी माणसापाशी

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. या खेपेला पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता : परदेशी निघालोय, तिथे भेटणाऱ्या अनोळखी माणसाला येशूबद्दल सांगायचं ते कसं? एक पत्र याच विषयावर रागावून लिहिलेलं आहे, तेही घेतलं आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी जर्मनीत, स्टुटगार्टला चाललो आहे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सुवार्ताप्रसाराचं शिक्षण झालंय, पण ते वस्तीत दारोदार जाण्याचं. तिथे ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी? (खराडी)

ट्रेनमध्ये करूच नका. डेक्कन क्वीनमध्ये शेजाऱ्याला "कुठं उतरणार?" एवढं विचारलं की कर्जत येईपर्यंत त्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च आपल्याला कळलेला असतो. जर्मनीत गाडीतली शांतता हा शेजाऱ्याचा हक्क समजतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत तर शांत बसणाऱ्यांसाठी वेगळी जागाच असते. तिथे तुम्ही तोंड उघडलंत की तुमचं म्हणणं ऐकण्याआधीच समोरचा तुमच्यापासून कसं सुटायचं याचा विचार करू लागतो.

जिथे बोलणं अपेक्षितच आहे अशी जागा शोधा. नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण केंद्रातला भाषेचा वर्ग (तिथे त्याला फोल्क्सहोखशूल म्हणतात), चर्चच्या सभागृहात परदेशी लोकांसाठी चालणारा 'भाषा कॅफे', खेळाचा क्लब, इमारतीतली कपडे धुण्याची खोली. यातल्या दोनच जागा निवडा आणि दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी जा. दहा ठिकाणी एकेकदा जाणाऱ्याला कुणी ओळखत नाही. एकाच ठिकाणी दहादा गेलेल्याची दांडी पडली तर चौकशी होते.

सुरुवात सांगण्याने करू नका, मागण्याने करा. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीपाशी दमून बसला आहे, जवळ पोहरा नाही, आणि तो शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. तिच्या आयुष्याचा विषय पुष्कळ नंतर निघतो. शोमरोनात तो दोन दिवस राहिला तोही लोकांनी विनवल्यावर. मागणारा माणूस खाली असतो, देणारा वर. आपण परदेशात खरोखरच खाली असतो, तर ते लपवता कशाला? कागद, प्लॅस्टिक, ओला कचरा आणि उरलेला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे शेजारच्या आजींना विचारा. स्टुटगार्टच्या भागात 'केअरवोखे' नावाची प्रथा आहे : जिना आणि इमारतीसमोरची वाट झाडण्याची पाळी आठवड्या-आठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे येते आणि पाळी आली की बऱ्याच इमारतींत दारावर पाटी अडकवतात. पाळी कशी करायची ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या आणि ती चुकवू नका. जिना न झाडणाऱ्याची साक्ष त्या इमारतीत कुणी ऐकणार नाही.

आता साक्षीबद्दल, म्हणजे येशूमुळे आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगण्याबद्दल. मंडळीत आपण वीस-वीस मिनिटं साक्ष देतो. ती इथेच ठेवून जा. तीन मिनिटांची एक लिहून काढा, साधारण साडेतीनशे शब्द. जर्मन कच्ची असेल तर दहा-बारा छोटी वाक्यं पुरेत, ती भाषाशिक्षकाकडून तपासून घ्या. त्यात एकच प्रसंग असावा आणि तो तारीखवार, साधा सांगावा. 'तारण', 'कृपा', 'अभिषेक', 'ओझं' हे शब्द काढून पाहा. वाक्य उरत असेल तर उरलेलं सांगा. उरत नसेल तर त्या वाक्यात मुळात काही नव्हतंच. आणि कुणी विचारल्याशिवाय सांगू नका. १ पेत्र ३:१५ मध्ये विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, तेही सौम्यतेने. त्या वचनातला विचारणारा माणूस आपण सोयीने विसरतो.

फसतं कुठे तेही लिहून ठेवा. पहिली चूक : समोरच्याने एक छोटा प्रश्न विचारला की आपण बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जाऊन येतो. प्रश्न एका वाक्याचा असेल तर उत्तर दोन-तीन वाक्यांचं. दुसरी : कॉफीला म्हणून बोलवायचं आणि टेबलावर शुभवर्तमान काढायचं. ही फसवणूक आहे. बायबल वाचायला बोलवायचं असेल तर बायबल वाचायला म्हणूनच बोलवा. तो नाही म्हणाला तर कॉफीला कॉफी म्हणून बोलवा. तिसरी : पत्रपेट्यांत पत्रकं टाकणं. बऱ्याच पेट्यांवर 'जाहिराती नकोत' असं जर्मनमध्ये चिकटवलेलं असतं. त्यावर आपलं पत्रक टाकलं की इमारतीत पहिली ओळख ही अशी होते.

नकार एकदा मिळाला की पुरे. पुढच्या महिन्यात तोच विषय वेगळ्या वाटेने काढू नये. भेटीगाठी मात्र पूर्वीसारख्याच चालू ठेवाव्यात.

प्रश्न : जपानी भाषेची परीक्षा दिली आहे, आता टोकियोत नोकरी मिळाली. "तू पापी आहेस आणि देव तुझ्यावर प्रेम करतो" हे जपानीत नीट म्हणता येतं. तरी ऐकणारे दचकतात. चूक व्याकरणाची आहे का? (कर्वेनगर)

व्याकरण बरोबर असणार, घोळ शब्दांत आहे. जपानीत पापासाठी जो 'त्सुमि' शब्द आहे तोच गुन्ह्यालाही आहे. ओळख होऊन पंधरा मिनिटं झालेल्या माणसाने तुम्हाला गुन्हेगार म्हटलं तर तुम्ही काय कराल? 'कामि' हा देवासाठीचा शब्द शिंतो परंपरेतल्या असंख्य देवतांना लागतो, तेव्हा 'कामि तुझ्यावर प्रेम करतो' यातून कुठला कामि आणि का, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. वाक्य बदला. चूक झाली, लाज वाटली, माफी मागता आली नाही, ती कशी मिळाली, हे प्रसंगातून सांगा.

शब्दांचा हा घोळ फक्त जपानीत नाही. बौद्ध देशांत 'सार्वकालिक जीवन' म्हटलं की ज्या चक्रातून सुटायचं तेच कायमचं गळ्यात पडणार असं ऐकू येतं. अरबी बोलणारे ख्रिस्ती 'यासूअ' म्हणतात, मुसलमान 'ईसा' म्हणतात. कुणासमोर कुठला शब्द, हे स्थानिक ख्रिस्ती माणसालाच विचारावं. आपल्या मराठीत 'नव्याने जन्म'ऐवजी घाईत 'पुनर्जन्म' म्हणणारे उपदेशक कमी आहेत का?

जपानी माणूस दचकतो त्याला आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्याशी संबंधित नाही. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला प्रचंड देणग्या दिल्याने त्याचं घर बुडालं होतं. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये धाकदपटशाने देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा आला, आणि मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. अशा पंथांवरचा एक मोठा आक्षेप असा की ते सुरुवातीला स्वतःची ओळख लपवतात. म्हणून तुम्ही ती पहिल्याच वाक्यात द्या : मी ख्रिस्ती आहे, अमुक चर्चला जातो, हा त्याचा पत्ता. पैशाचा विषय कधीच नाही. घरी बोलावलंत तर किती वाजता संपेल ते आधी सांगा आणि त्या वेळेला स्वतः उठा.

प्रश्न : आमच्या तरुण संघातले चौदा जण मे महिन्यात नेपाळला जाणार आहेत. गोरखपूरहून सोनौलीमार्गे. व्हिसा लागत नाही, भाषा जवळची आहे. एक हजार हिंदी पत्रिका छापल्या आहेत. काय काळजी घ्यावी? (पिंपरी)

पत्रिका पिंपरीतच ठेवा.

नेपाळात शिरायला भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पण व्हिसा लागत नाही म्हणून तिथला कायदाही लागत नाही असं नाही. २०१५ च्या नेपाळी राज्यघटनेचं कलम २६(३) दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करणं, तसा प्रयत्न करणं, त्याला चिथावणी देणं, या सगळ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. त्या कायद्यापुढे पिंपरीचा मुलगा परदेशीच आहे.

पण आमची मुख्य काळजी तुमची नाही. चौदा जण हजार पत्रिका वाटून आठव्या दिवशी परतीच्या गाडीत बसतील. नवव्या दिवशी पोलीस ज्या घरात विचारपूस करायला जातील ते घर तुम्हाला जेवू घालणाऱ्या नेपाळी पाळकाचं असेल. परदेशात साक्ष देताना धोक्याचा हिशोब नेहमी असा मांडावा : मी गेल्यावर मागे कोण उरतो आणि त्याचं काय होईल?

मग जावं का? जरूर जा, पण पाहुणे म्हणून, कुणीतरी बोलावल्यावर. बोलावणं नसेल तर आधी पत्रव्यवहार करा आणि यजमान सांगेल तेवढंच करा. बहुतेक नेपाळी मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, कारण आठवड्याची सुट्टी शनिवारची. प्रवासाचा दिवस त्यानुसार ठरवा. चौदा जण एकाच छोट्या मंडळीत एकदम नकोत, चार-पाच पुरेत. स्वयंपाकघरात, शेतात, बांधकामावर हात लावा. लूकच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवताना दिलेल्या सूचना पाहा : पुढ्यात वाढतील ते खा, या घरातून त्या घरात फिरू नका. कुणी "तुम्ही कशाला आलात?" असं विचारलं तर खरं उत्तर द्या, थोडक्यात. रस्त्यावर प्रार्थना करून रोग बरे करण्याचे कार्यक्रम नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो : मंडळीतल्या एकाही चेहऱ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर जाता कामा नये, गावाच्या नावासकट तर नाहीच. 'पंचवीस जणांनी प्रभूला स्वीकारलं' अशी एक ओळ पुण्यात टाळ्या मिळवते. तिथे तोच पुरावा होतो.

प्रश्न : मुलगी नर्स आहे, दुबईच्या रुग्णालयात लागली आहे. एखाद्या रुग्णाने आपण होऊन "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटलं तर तिने काय करावं? (खडकी)

"हो, करते" म्हणावं आणि करावी. मनात, किंवा ड्यूटी संपल्यावर. पडदा ओढून, हात धरून मोठ्याने प्रार्थना करू नये. अमिरातीत मुसलमानांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रसार करायला मनाई आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूरही कायद्याच्या कक्षेत येतो. पण कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. खाटेवरचा रुग्ण उठून जाऊ शकत नाही. सलाईन तिच्या हातात आहे, वेदनाशामक तिच्या हातात आहे. अशा माणसाचं 'हो' हे मोकळं 'हो' नसतं. रुग्णाला धार्मिक आधार हवा असेल तर ते वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जला सांगावं, पुढचं रुग्णालयाच्या पद्धतीने होईल. फाइलमधला फोन नंबर घेऊन नंतर संपर्क करणं तर नोकरी घालवणारं आहे, आणि जायलाच हवी.

तिने स्वतःची उपासना सोडू नये. दुबईत ऊद मेथा भागात सेंट मेरीज हे कॅथोलिक आणि होली ट्रिनिटी हे अँग्लिकन चर्च आहे. परवाना असलेल्या अशाच जागी उपासनेला जावं, फ्लॅटवर गट भरवू नये. २०२२ पासून तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, तरी पुष्कळ मंडळ्यांची उपासना शुक्रवारीही असते, त्यामुळे पाळी बदलून मिळत नसेल तर अडचण नाही. सौदीत मात्र चर्च नाही आणि मुसलमानेतरांना सार्वजनिक उपासनेची परवानगी नाही. एका देशाचा नियम शेजारच्या देशात चालेल असं धरू नका.

प्रश्न : परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, एका मराठी बाईंनी माझ्या सुनेच्या हातात तुमचं पत्रक ठेवलं. सुनेची नोकरी नुकतीच गेली होती आणि बाईंना ते ठाऊक होतं. शेजारी तुमचं मासिक येतं म्हणून विचारतो : दुसऱ्याच्या दुःखाची वाट बघत बसण्याचाच हा धंदा आहे ना? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही असंच गाठलं होतं ना? (सदाशिव पेठ)

त्या बाईंचं चुकलं, आणि दोनदा चुकलं. दुसऱ्याच्या सणाला पाहुणे म्हणून जाऊन त्याच मांडवात आपला माल मांडू नये, ही तर साधी रीतभात आहे. दुसरी चूक जास्त गंभीर. जून २०११ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीबद्दल शिफारशी प्रसिद्ध केल्या. एरवी या तिघांचं फारसं जमत नाही, या मजकुरावर जमायलाही पाच वर्षं लागली. माणसाच्या गरजेचा, अडचणीचा फायदा घेऊ नये, आमिष दाखवू नये, आणि धर्म बदलण्यासारख्या निर्णयाला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. सुनेला नोकरी शोधायला मदत केली असती आणि पत्रक पर्समध्येच ठेवलं असतं, तर आज तुमचं पत्र वेगळं आलं असतं.

टिळकांचं मात्र तसं नव्हतं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावरून, म्हणजे टिळकांच्या घरच्या अंगणात. मग धर्मावर गेलं. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि अभ्यास केलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. हे भाकीत आम्हाला फारसं रुचत नाही, ते एक असो. प्रत वाचली ती टिळकांनी स्वतः, आणि अडकले ते मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तो माणूस पुन्हा भेटला नाही, त्याने पत्ता घेतला नाही, पाठपुरावा केला नाही, टिळकांना त्याचं नावही कधी कळलं नाही.

पण तुमच्या रागात तथ्य आहे ते दुसऱ्या जागी. त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. त्यांना आधी सांगितलं गेलं नव्हतं, आणि पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. त्या पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या ही गोष्ट खरी, पण त्यामुळे ती मधली वर्षं पुसली जात नाहीत.

प्रश्न : हॅम्बुर्गला राहते. भाषेच्या वर्गात एका इराणी मुलीशी मैत्री झाली. ती आमच्याबरोबर चार वेळा उपासनेला आली आणि आता पुढच्या रविवारी बाप्तिस्मा हवा म्हणते. तिचा आश्रयाचा अर्ज प्रलंबित आहे. माझे यजमान म्हणतात, ती कागदासाठी करतेय. काय करावं? (माहेर कोथरूड)

तिचं मन तुम्हाला किंवा यजमानांना तपासता येणार नाही, आम्हालाही नाही. पण पुढचा रविवार नको, हे नक्की. जर्मन मंडळ्या अशा वेळी बाप्तिस्म्याआधी काही महिन्यांचा वर्ग घेतात. मोठ्या शहरांत फारसी बोलणाऱ्या मंडळ्या आहेत, तिला तिथे घेऊन जा. मातृभाषेत प्रश्न विचारता येणं हे तिच्या हिताचं आहे, आणि तुमच्या मोडक्या जर्मनवर तिचं आयुष्य टांगलेलं राहत नाही.

तिला एक गोष्ट सरळ सांगा : बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला की आश्रय मिळतो असं नाही. जर्मन अधिकारी आणि न्यायालयं श्रद्धा खरी आहे का, ती तिच्या जगण्यात कितपत मुरली आहे, हे स्वतंत्रपणे विचारतात. पाळकाच्या पत्रावर ते थांबत नाहीत. उलट, इराणमध्ये धर्मांतर केलेल्यांना घरगुती उपासनेबद्दल राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृत्य केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात घातलेलं आहे. म्हणजे अर्ज फेटाळला गेला तर ती बाप्तिस्मा न घेता परतली असती त्याहून वाईट जागी असेल. हे तिला वकिलाने समजावून सांगायला हवं, तुम्ही नाही. निर्वासितांना कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्था तिथे आहेत, पाळकांना विचारा.

या सगळ्यानंतरही ती हो म्हणाली तर समारंभ साधा करा. दाराशी सांगा की फोन बाहेर काढायचा नाही. आपल्या मंडळीत बाप्तिस्म्याचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. तो तिथून कुठे पोहोचेल सांगता येत नाही, आणि तिचे आईवडील इराणातच आहेत. साक्षपत्र लिहायची वेळ आली तर जे पाहिलं तेवढंच लिहा : कधीपासून येते, वर्गाला किती वेळा आली, काय काम करते. 'ती खरी विश्वासणारी आहे' असं लिहू नका.

आणि बाप्तिस्मा झाला नाही, ती यायची थांबली, तरी भाषेच्या वर्गात तिच्या शेजारीच बसा.

प्रश्न : परदेशात ओळख झालेला माणूस अडचणीत असेल तर पैसे द्यावेत का? तो पुढे चर्चला येऊ लागला तर लोक आमिष म्हणतील. (वडगाव शेरी)

अडचण खरी असेल तर द्या, पण तो चर्चला येवो न येवो, तेवढेच द्या. 'येशूच्या नावाने देतो' असं म्हणत पाकीट हातात ठेवू नका. परत मिळतील असं धरू नका, आणि मोठी रक्कम एकट्याने देऊ नका, मंडळीच्या मदत निधीतून जाऊ द्या.

कायद्यातली रेषाही इथेच आहे. इस्राएलमध्ये १९७७ पासून धर्म बदलण्यासाठी पैसा किंवा लाभ देणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ग्रीसमध्ये मिनोस कोक्किनाकिस या यहोवा साक्षीदाराला आयुष्यात साठाहून जास्त वेळा अटक झाली होती. १९८६ मध्ये क्रीट बेटावरच्या सितिया गावात तो बायकोबरोबर एका बाईंच्या घरी बोलायला गेला; बाईंचे यजमान गावच्या चर्चमधले गायक, त्यांनी पोलिसांना बोलावलं. खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २५ मे १९९३ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायालयाने साक्ष देणं आणि गैरमार्गाने धर्मप्रसार यांत फरक केला : लाभाचं आमिष दाखवणं किंवा संकटात असलेल्या माणसावर दबाव आणणं हे दुसऱ्यात मोडतं. नुसतं बोलणं त्यात मोडत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रियात ओळख झालेले एक गृहस्थ आमच्या प्रार्थनागृहाच्या पत्र्यासाठी २००० युरो पाळकांच्या खात्यावर पाठवायचं म्हणतात. (येरवडा)

पाठवू देऊ नका. ते ऑस्ट्रियाचे नागरिक असतील तर तो परदेशी निधी झाला आणि धार्मिक कामासाठी तो घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीकृत संस्थेलाही तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो. पाळकांच्या खात्यावर, किंवा चार जणांच्या खात्यांवर पाचशे-पाचशे करून घेणं, हे दोन्ही उल्लंघनच. भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक परदेशातून स्वतःच्या कमाईतले पैसे रीतसर बँकेमार्फत पाठवत असेल तर तो परदेशी निधी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व असलेला भारतीय वंशाचा माणूस) मात्र परदेशीच.

प्रश्न : पुतण्या अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय कार्ड आहे. डिसेंबरात येईल तेव्हा आमच्याबरोबर गावोगाव सुवार्तेला येऊ शकतो का? (हडपसर)

मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय धारकाला मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते. अर्ज परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या (ई-एफआरआरओ) संकेतस्थळावर करायचा. नाताळच्या उपासनेला येऊन बाकावर बसायला काही लागत नाही.

प्रश्न : सामानात शुभवर्तमानाच्या किती प्रती न्याव्यात? (रास्ता पेठ)

मराठीतली एक, स्वतःसाठी. बाकी तिथल्या भाषेतल्या प्रती तिथल्याच मंडळीकडून घ्या. मागच्या पानावर स्थानिक चर्चचा पत्ता असतो, तुमच्या पुण्याच्या पत्त्याचा त्या माणसाला उपयोग नाही. जिथे धर्मग्रंथ नेण्यावर बंधन आहे तिथे बॅग उघडल्यावर एक वापरलेली, खुणा केलेली प्रत दिसणं आणि कोऱ्या पन्नास प्रतींचा गठ्ठा दिसणं यातला फरक कस्टमच्या माणसाला लगेच कळतो. कुणाला द्यायचीच झाली तर संपूर्ण बायबल देऊ नका. हजारभर पानं पाहून माणूस ते कपाटात ठेवतो. मार्कचं शुभवर्तमान द्या. सोळा अध्याय आहेत, मोठ्याने वाचले तर साधारण दीड तास लागतो.